पितळी पुंगळ्या, चिंच आणि माझा लेक

राजेंद्रनगरची_काकू

नमस्कार मंडळी. हा धागा पाककृती विभागात टाकावा की तंत्रज्ञानात, ते कळेना. म्हणून सरळ गप्पांमध्ये टाकतेय. संपादकांना वाटलं तर हलवावा.

माझा लेक टेक्सासात असतो. सुट्टीच्या दिवशी रेंजवर रायफल चालवायला जातो आणि झाडलेल्या गोळ्यांच्या रिकाम्या पितळी पुंगळ्या पिशवी भरून घरी आणतो. त्या साफ करायच्या, यंत्रात दाबून पुन्हा मापात आणायच्या, नवी दारू नि नवी गोळी भरायची, की झालं काडतूस तयार. तिकडे हा छंद कायदेशीर आहे, सगळं सामान दुकानात मिळतं. यंदा उन्हाळ्यात मी तिकडे होते, तेव्हा गॅरेजात एक पिंप तासन् तास घरघरत असायचं. त्यात पुंगळ्या, पाणी, साबण आणि टाचणीहून बारीक अशा स्टीलच्या काड्या. बाहेर काढल्या की एकदम लखलखीत.

मी म्हटलं, अरे, वीज कशाला जाळतोस? चिंचेचा कोळ, चिमूटभर मीठ, नारळाची शेंडी. सासूबाईंची घागर आजही मी अशीच घासते. तर हसून म्हणाला, "आई, ह्यांना चिंच नको." का नको, ते काही सांगितलं नाही. सूनबाईंनी तर वर बजावलं, "त्यांना हात लावलात तर स्वयंपाकघरात यायच्या आधी हात धुवा हं."

तर प्रश्न असा : पितळ ते पितळ. देवघरातलं निरांजन आणि ही पुंगळी यांत असा काय फरक आहे? चिंच, लिंबू, ताक, पितांबरी, यातलं काय चालतं, काय चालत नाही, आणि का? बंदूक चांगली की वाईट यावर भाषण नको. ते मी लेकाला देऊन झालंय.

भिया_इंदोरी

इंदूरची आई टेक्सासात गेली तरी स्वच्छता सर्वेक्षण काही सोडत नाही. २०१७ पासूनची सवय आहे, जाणार कशी! माझी एकच शंका, पुंगळ्या ओल्या कचऱ्यात टाकायच्या की सुक्या?

सराफ्यातली_मुंगी

चिंचेला माझं अनुमोदन. पण आंबट ताकाला तोड नाही. गणपतीच्या आधी सगळी पितळी भांडी ताकात बुडवून ठेवायची, सकाळी राखेने घासायची. कसेरा बाजारातून आणल्या दिवशी होती तशी दिसतात.

अॅरिझोनातला_पोहेवाला

काकू, मी रामबागेतला. सध्या फिनिक्सजवळ असतो आणि तुमच्या लेकाच्याच पंथातला आहे. त्याने कारण सांगितलं नाही, कारण सांगायला बसला असता तर तुमची परतीची फ्लाइट चुकली असती. आज ऑफिस आहे, रात्री सविस्तर लिहितो. तोवर मुंगीताई, पुंगळी ताकात रात्रभर ठेवू नका. हात जोडतो.

धातुवेडा

सांवेर रोडवर ओतकामाच्या कारखान्यात आयुष्य गेलं, म्हणून चार शब्द लिहितो.

पितळ ते पितळ हे अर्धंच खरं. पुंगळीचं पितळ म्हणजे साधारण ७० टक्के तांबं आणि ३० टक्के जस्त. या मिश्रणाला धातुशास्त्राच्या पुस्तकांत काडतुसी पितळ असंच नाव आहे, कारण ते थंड असताना ओढलं तरी फाटत नाही. बाजारातल्या भांड्यांत प्रमाण वेगवेगळं असतं, ओतीव समईत तर जरा शिसंही सापडतं. पण खरा फरक मिश्रणात नाही, कामात आहे. निरांजनाला आयुष्यात सोसावी लागते ती एका वातीची धग. रायफलच्या पुंगळीत, समजा .३०८ या मापाची धरली, गोळी सुटते त्या क्षणी दर चौरस इंचावर ६०,००० पौंडांच्या आसपास दाब येतो. पितळ त्या क्षणी फुगून नळीच्या मागच्या भागाला घट्ट चिकटतं, म्हणून तापलेला वायू मागे नेमबाजाच्या तोंडावर येत नाही. दाब उतरला की तेच पितळ जरासं आक्रसतं, म्हणून रिकामी पुंगळी सहज बाहेर येते. फुगणं आणि परत येणं, या दोन्हींसाठी त्याचा दम शाबूत हवा.

आता चिंच. चिंचेत टार्टारिक आम्ल असतं, ते वरचा काळा थर विरघळवतं. मीठ ते काम झपाट्याने करतं. दोन-पाच मिनिटं लावून धुतलं तर पितळाचं काही जात नाही. पण आंबटात तासन् तास पडलं की जस्त आधी निघून जातं आणि मागे तांब्याचा सच्छिद्र थर उरतो. पितळ गुलाबी दिसायला लागतं ते यामुळे. निरांजन गुलाबी झालं तर देव काही रागवत नाही. पुंगळीचं तसं नाही.

राजेंद्रनगरची_काकू

असं कोणी सांगितलं की पटतं. गुलाबी डाग मी पाहिलेत. मुलीच्या लग्नात भाड्याची पितळी पातेली आली होती, त्यांच्या तळाला होते.

अॅरिझोनातला_पोहेवाला

आलो.

धातुवेडा सर, मिश्रण आणि दाबाबद्दल शंभर टक्के सहमत. गुलाबीबद्दल मात्र थोडा वाद घालतो. आम्ही ओल्या पद्धतीत लिंबूफूल वापरतो, आपण ढोकळ्यात घालतो तेच. गॅलनभर पाण्याला अगदी थोडं. जास्त पडलं किंवा तेच पाणी पुन्हा वापरलं, तर पुंगळ्या गुलाबी निघतात. पण तेव्हा बहुतेक वेळा काय झालेलं असतं, तर आम्लात विरघळलेलं तांबं परत पृष्ठभागावर बसलेलं असतं. तो नुसता मुलामा आहे, आतलं पितळ ठीक असतं. जस्त खोलवर जायला फार वेळ लागतो.

काकू, तुमचा लेक करतो ती ओली पद्धत. दुसरी कोरडी. तिच्यात अक्रोडाच्या टरफलांचा किंवा मक्याच्या वाळलेल्या कणसाचा भुगा एका थरथरणाऱ्या भांड्यात घालतात आणि त्यात पुंगळ्या घोळवतात. अक्रोड खरखरीत, मळ काढतो. कणीस मऊ, चमक आणतं. कोरडीत पाण्याची भानगड नाही, पण धूळ उडते, आणि ती धूळ वाईट. त्यावर डॉक्टरमंडळींनी लिहावं. ओलीत धूळ नाही, आतला कोपरा न् कोपरा साफ होतो, पण मग वाळवण आलं. आत पाण्याचा थेंब राहिला तर दारू सादळते. मी टॉवेलवर पसरून उन्हात ठेवतो, ॲरिझोनात ऊन फुकट आहे.

आणि एक. चमक हवीच असं मुळीच नाही. काळपट पुंगळीही तितकीच नीट चालते. साफ करायचं ते यासाठी की तिला मापात आणणाऱ्या साच्यात वाळूचा एक कण जरी गेला तरी साच्यावर ओरखडा पडतो, आणि मग पुढच्या प्रत्येक पुंगळीवर तोच ओरखडा उमटतो. साचा महाग येतो हो.

धातुवेडा

मान्य. वेळ थोडा असेल तर तुमचं बरोबर, आणि ताकात रात्रभर पडलं तर माझं. गुलाबी दिसलं म्हणजे नेमकं काय झालंय, ते नुसतं बघून मीही सांगणार नाही.

सराफ्यातली_मुंगी

म्हणजे माझं ताक बाद. बरं.

छर्रा

मी इथे रेंजवर .२२ इंची मापाची बंदूक चालवते. सगळ्यांना वाटतं आम्हीही असं काही करत असू. .२२ ची पुंगळी पुन्हा भरताच येत नाही काकू. तिच्यात पेटवणारं रसायन वेगळ्या टोपीत नसतं, बुडाच्या कडेच्या पोकळ गोटात आतून लावलेलं असतं. पिन त्या कडेवर आपटते आणि कड चेपते. एकदा चेपली की संपलं. लंडन ऑलिम्पिकमध्ये २०१२ साली विजय कुमारने रौप्य जिंकलं तेही .२२ चंच पिस्तूल. पॅरिसला २०२४ मध्ये आपल्या कोल्हापूरच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्य आणलं, तेही .२२. आणि आपल्या शेजारच्या खरगोन जिल्ह्यातला ऐश्वर्य प्रताप सिंग तोमर, त्याचीही तीच रायफल. त्यामुळे भारतातल्या बहुतेक नेमबाजांनी पुंगळी घासलेलीच नसते.

भिया_इंदोरी

विजय कुमार म्हणजे आपल्या महूचा!

महूकर

महूचा म्हणजे महूत घडलेला. आहे हिमाचलचा. आर्मी मार्क्समनशिप युनिट महूला आहे, तिथला.

मी पायदळातून निवृत्त. काकूंच्या प्रश्नाला फौजी उत्तर असं की आमच्याकडे घासणं नाही, मोजणं. फायरिंग संपलं की सगळी लाइन गवतात वाकून खोखे वेचते. जेवढे राउंड दिले तेवढे खोखे परत आले पाहिजेत. एक कमी पडला तर ऊन असो, पाऊस असो, सापडेपर्यंत जेवण नाही. एलएमजी, म्हणजे हलकी मशीनगन, असली तर खोखे कुठल्या कुठे उडतात. मग त्या जागी ताडपत्री अंथरायची. जमा झाले की ते मागे डेपोत जातात, पुढे वितळतात. भरणं वगैरे युनिटमध्ये नाही.

पितळ घासायचं ते बेल्टचं बकल, टोपीचा बिल्ला आणि क्वार्टरगार्डची घंटा. त्याला ब्रासो. पण दारूगोळ्याच्या पितळाला ब्रासो लावलेलं आमचा आर्मरर, म्हणजे हत्यारं सांभाळणारा, खपवून घेत नसे. कारण विचारलं तर म्हणायचा, ऑर्डर आहे.

धातुवेडा

महूकर साहेब, त्या ऑर्डरमागे खरोखरच जुनी कथा आहे, आणि ती आपल्याच देशातली आहे.

एकोणिसाव्या शतकात हिंदुस्थानातल्या इंग्रजी फौजेला एक कोडं पडलं होतं. पावसाळ्यात मोहिमा थंडावायच्या, तेव्हा काडतुसं घोड्यांच्या तबेल्यात ठेवून द्यायचे. पाऊस संपल्यावर पेटी उघडावी तर पुंगळ्यांना उभ्या भेगा. कुणी हात लावला नाही, कुणी आपटल्या नाहीत. ऋतूप्रमाणे येणारा रोग म्हणून इंग्रजीत त्याला सीझन क्रॅकिंग नाव पडलं. उलगडा झाला तो १९२१ मध्ये, मूर, बेकिन्सेल आणि मॅलिन्सन या तिघांनी केला. घोड्यांच्या मुतातून निघणारा अमोनिया आणि पावसाळी दमट हवा. पुंगळी थंड ओढून घडवलेली असते, त्यामुळे तिच्या अंगात ताण कोंडलेला असतो. अमोनिया तांब्याला विरघळवत आत शिरतो आणि तो कोंडलेला ताण बारीक भेगेला पुढे पुढे फाडत नेतो. दोन्ही एकत्र असले तरच. ताण नसेल तर अमोनिया वरवर डाग पाडेल, आणि अमोनिया नसेल तर ताण वर्षानुवर्षं गप्प बसेल.

पितळ चमकवायच्या बाटलीबंद पॉलिशमध्ये बहुधा अमोनिया असतोच, ब्रासोतही. म्हणून बकलाला चालेल, पुंगळीला नाही. काच पुसायच्या निळ्या द्रवांतही पुष्कळदा असतो, तेव्हा तेही नको.

काकूंचा मूळ प्रश्न चिंचेचा होता, पण खरा शत्रू हा.

ग्वाल्हेरी_तडका

म्हणजे घडलं ते महूच्या छावणीतच असणार! तबेले, पाऊस, इंग्रज, सगळं जुळतंय. होळकरांच्या घोड्यांनी शेवटचा सूड उगवला म्हणा.

धातुवेडा

महूचं नाव कुठे वाचलेलं नाही, तेव्हा चिकटवू नका. आणि घोडे इंग्रजांचे होते.

ग्वाल्हेरी_तडका

इंदूरकरांना श्रेय देत होतो, तेही घेत नाहीत.

तटस्थ_प्राणी

माफ करा, पण घरात बसून काडतुसं बनवायचा छंद आणि आपण इथे त्याच्या चमकेवर चर्चा करतोय? अमेरिकेत रोज काय बातम्या येतात?

राजेंद्रनगरची_काकू

बाळा, माझ्या पहिल्या प्रश्नाच्या शेवटच्या दोन ओळी वाच. तुझं-माझं मत एकच आहे. पण लेक ऐकत नाही म्हणून त्याने पुंगळी तरी नीट धुवावी, एवढंच माझ्या हातात.

तटस्थ_प्राणी

काकू, हे पटलं. गप्प बसतो.

नाडीपरीक्षा

पोहेवाल्यांनी आवाज दिला म्हणून आले. काकू, तुमच्या सूनबाई या धाग्यातल्या सगळ्यांत शहाण्या आहेत.

काडतुसाच्या बुडाशी जी छोटी टोपी असते, तिच्यातल्या रसायनात सहसा शिशाचं संयुग असतं, लेड स्टिफनेट. गोळी झाडली की त्याची राख पुंगळीच्या आत बसते. तो जो काळा मळ दिसतो, त्यात शिसं आहे. कोरड्या पद्धतीत भुगा हलवला, चाळला, की ती राख हवेत. आणि धूळ फुफ्फुसातून रक्तात पोचते. हाताला लागलेली काळी राख पोळीबरोबर पोटात जाते. मोठ्यांना रक्तदाब, मूत्रपिंडं, नसा. लहान मुलांना त्याहून वाईट, कारण त्यांचा मेंदू घडत असतो. अमेरिकेत लहान मुलांच्या रक्तातल्या शिशाची दखल घेण्याची पातळी २०२१ मध्ये ५ वरून ३.५ मायक्रोग्रॅम प्रति डेसीलिटरवर आणली, आणि तीसुद्धा सुरक्षित म्हणून नाही. सुरक्षित अशी पातळी सापडलेलीच नाही.

काकू, घरात नातवंड आहे का?

राजेंद्रनगरची_काकू

आहे. चार वर्षांचा. गॅरेजात त्याची सायकल असते.

नाडीपरीक्षा

सायकल बाहेर काढायला सांगा. बाकी असं : भुगा चाळायचा तो घराबाहेर, वाऱ्याला पाठ करून, नाकाला नुसतं कापड नाही तर नीट बसणारा मास्क. हातमोजे. काम झाल्यावर थंड पाणी आणि साबण. तिथे चहा नाही, शेंगदाणे नाहीत. ते कपडे बाळाच्या कपड्यांत धुवायचे नाहीत. स्वयंपाकातलं पातेलं, चाळणी, गाळणी कधीच त्या कामाला नेऊ नये, आणि नेली तर परत आणू नये. वर्षातून एकदा रक्तातलं शिसं तपासून घेतलं तर उत्तम. साधी तपासणी आहे.

अॅरिझोनातला_पोहेवाला

डॉक्टरांना दुजोरा. कोरडी पद्धत करणारे जुने लोक भुग्यात ओलसर कापडाचे तुकडे टाकतात. धूळ त्यांना चिकटते, मग ते तुकडे फेकून द्यायचे. मी स्वतः ओलीवर आलो ते धुळीमुळेच. ओलीत सगळी घाण पाण्यात उतरते. ते पाणी डांबरासारखं नाही, पण शाईसारखं तरी निघतं.

सराफ्यातली_मुंगी

ते पाणी कुठे टाकता?

राजेंद्रनगरची_काकू

हा प्रश्न कोणी विचारू नये असं वाटत होतं. लेकाने बादली भरून बाहेर ठेवली होती. पाणी वाया जाऊ नये म्हणून मी त्याच्या कढीपत्त्याला घालायला निघाले होते. सूनबाई धावत आल्या.

भिया_इंदोरी

सूनबाईंना इंदूरला बोलवा, पोहे-जिलेबी माझ्याकडून.

नाडीपरीक्षा

कढीपत्ता, भाज्या, तुळस, कशालाच नाही. मातीत गेलेलं शिसं तिथेच राहतं. ते पाणी त्यांच्या गावच्या घातक कचऱ्याच्या केंद्रावर देतात.

राजेंद्रनगरची_काकू

तो देतोच, आठवड्याची बादली भरून. आणि सूनबाईंना हा धागा कोणी पाठवू नका.

वरणगावची_लेक

उशिरा आले. माझं माहेर वरणगावचं, सगळी वस्तीच ऑर्डनन्स फॅक्टरीची. लहानपणी घरोघर तेच बोलणं. महाराष्ट्रात काडतुसांचं पितळ म्हटलं की खडकी, वरणगाव आणि अंबरनाथ. पैकी खडकीची फॅक्टरी सगळ्यांत जुनी, १८६९ ची.

पुंगळी कशी होते ते सांगते, कारण त्यातच काकूंच्या प्रश्नाचं एक उत्तर आहे. आधी पितळी पत्र्याची गोल चकती कापतात, दाबून वाटी करतात. वाटी ओढून ओढून लांब करतात. दर ओढीला पितळ कडक होतं, मग मध्ये तापवून मऊ करायचं, पुन्हा ओढायचं. शेवटी तोंड निमुळतं करून मान तयार होते, आणि फक्त मानेपाशी पुन्हा धग देतात, म्हणजे तिथला ताण निघून जातो. बूड मात्र मुद्दाम कडकच ठेवायचं. म्हणून फौजेच्या नव्याकोऱ्या काडतुसाच्या मानेवर निळसर-तपकिरी झाक दिसते. ती धग दिल्याची खूण. फौज ती ठेवते, दुकानी माल बनवणारे बरेचदा पॉलिश करून टाकतात.

राजेंद्रनगरची_काकू

हो हो! लेकाच्या एका डब्यातल्या पुंगळ्यांवर तसा डाग होता. बाकी सगळं पिवळं, मानेला निळी-जांभळी छटा. मला वाटलं, ह्या राहिल्या घासायच्या.

धातुवेडा

वरणगावच्या ताईंनी मुद्द्याचं सांगितलं. तबेल्यातल्या भेगांवरचा इलाजही तोच, शेवटची मंद धग देऊन अंगातला ताण काढणं. आणि याच कारणासाठी पुंगळ्या वाळवायला स्वयंपाकाच्या गॅसवर तव्यात टाकू नयेत. बूड मऊ पडलं तर पुढच्या वेळी दाब सोसणार नाही. ऊन किंवा कोमट हवा, बस.

महूकर

एक प्रश्न. झाडलेले खोखे पुन्हा भरणाऱ्याला कळतं कसं, की कुठला चालेल नि कुठला नाही? वरून तर सगळे सारखेच.

राजेंद्रनगरची_काकू

हे मी बघितलंय, सांगू का? लेक प्रत्येक पुंगळी दिव्याखाली धरतो. आधी तोंडाची कड बोटावर फिरवून बघतो, चीर आहे का. मग कागदाची पिन सरळ करून तिचं टोक जरा वाकवलंय, ती आत घालतो आणि तळाजवळ हळूच वर-खाली करतो, कान कोरल्यासारखं. एखादी पुंगळी आली की थांबतो, परत करतो, मग पक्कडीने तिचं तोंड चेपून वेगळ्या डब्यात टाकतो. मी विचारलं, दिसायला तर छान आहे. म्हणाला, आत खाच लागतेय.

अॅरिझोनातला_पोहेवाला

लेक पक्का आहे, काकू. काळजी निम्मी कमी करा.

महूकर सर, तेच उत्तर. पुंगळी दर वेळी फुगते आणि पुढे सरकते, पितळ तळाकडून मानेकडे वाहत जातं. त्यामुळे बुडाच्या जरा वर भिंत आतून पातळ होते. बाहेरून तिथे एक चकचकीत कडं दिसतं, आतून तारेला खाच लागते. ती तशीच भरली तर एक दिवस बूड बाहेर येतं आणि बाकीचं नळीत अडकतं, वायू मागे. शिवाय मानेवरची चीर आणि टोपीचं खोबण सैल होणं. चेपून टाकतो ते यासाठी की चुकून परत चांगल्यांत मिसळू नये.

आणि म्हणूनच साफ करायचं. मळ असेल तर ते कडं दिसतच नाही. पण घासून घासून आरसा केला तरी कधी कधी त्या चकचकीत कड्याचा रंग बाकीच्या चमकेत हरवतो. मी आताशा फार चमकवत नाही. लिंबूफूल चिमूटभर, साबण, तासाभराहून थोडं जास्त, मग दोनदा स्वच्छ पाणी. त्यानंतर बुडाच्या भोकात स्टीलची काडी अडकली नाही ना, ते एकेक बघायचं. कंटाळवाणं काम आहे, पण ते सोडायचं नाही.

भिया_इंदोरी

अवांतर. भाचा म्हणतोय, येताना किल्लीला अडकवायला एक-दोन रिकाम्या पुंगळ्या आणा. कोणी येतंय का तिकडून?

महूकर

अजिबात नको. शस्त्र अधिनियम १९५९ मध्ये दारूगोळ्याच्या व्याख्येत त्याचे भागसुद्धा येतात. विमानतळावर बॅगेत एखादं काडतूस निघून रात्र पोलीस चौकीत काढल्याच्या बातम्या दर काही महिन्यांनी वाचतो आपण. रिकामं आहे हे समजावत बसायला वेळ आहे का? आणि आपल्याकडे परवान्याशिवाय काडतूस भरणं हा सरळ गुन्हा. हा धागा वाचून कोणी घरी प्रयोग करू नये, हे माझ्याकडून मोठ्या अक्षरांत.

भिया_इंदोरी

भाच्याला छप्पनवरून कीचेन घेऊन देतो.

राजेंद्रनगरची_काकू

पितांबरीचं कोणी सांगितलंच नाही.

अॅरिझोनातला_पोहेवाला

भांडी घासायची कुठलीही पूड पुंगळीला नको, काकू. बाहेरून छान निघेल, पण आत हात जात नाही. पूड ओली होऊन बुडाच्या कोपऱ्यात आणि त्या बारीक भोकात जाऊन बसते, वाळली की दगड. भांड्याला खुशाल वापरा.

सराफ्यातली_मुंगी

मी शेवटपर्यंत वाचलं आणि घरातल्या ब्रासोच्या बाटलीकडे संशयाने बघतेय. समईला लावते मी ते.

धातुवेडा

समई ओतीव असते. ओतीव वस्तूच्या अंगात तसा ताण फारसा नसतो. लावा, पुसा, दिव्याच्या आधी कोरडी करा. जपायचं ते ठोक्याच्या आणि पत्रा दाबून केलेल्या भांड्यांना.

राजेंद्रनगरची_काकू

थांबा. यावरून आठवलं. देवासला आमच्या सासरच्या वाड्यात गोठ्याला लागून कोठी होती. तिथे पितळी भांडी ठेवलेली असायची, लग्नकार्यालाच काढायची. एका वर्षी पावसाळ्यानंतर मोठा गडवा काढला तर अंगावर वरपासून खालपर्यंत चीर. पाणी भरलं की गळायचा. कोणी पाडला म्हणून घरात केवढा तमाशा झाला. मोलकरणीवर आळ आला, सासूबाई म्हणाल्या दृष्ट लागली.

धातुवेडा

काकू, नीट आठवून सांगा. तडा जोडावर होता की अंगावर? आणि गडवा ओतीव की ठोक्याचा? पोचा आला होता का?

राजेंद्रनगरची_काकू

ठोक्याचा. अंगावर टिकल्या टिकल्या होत्या ना, तसा. चीर अंगावर, जोड शाबूत. पोचा कुठेच नाही. कोठीत गुरांच्या मुताचा वास कायम.

ग्वाल्हेरी_तडका

घोडे इंग्रजांचे, पण गाई आपल्या!

धातुवेडा

मग तुमच्या मोलकरणीवर अन्याय झाला असण्याची दाट शक्यता आहे. पडून फुटलं असतं तर पोचा दिसला असता. खात्रीने सांगायचं तर तो तडा कापून भिंगाखाली बघावा लागेल. त्याचा एखादा तुकडा राहिलाय का? मी राजेंद्रनगरात येऊन घेऊन जाईन.

राजेंद्रनगरची_काकू

कुठला तुकडा! सासूबाईंनी त्याच आठवड्यात मोडीत घातला आणि स्टीलचे दोन डबे घेतले. ते आहेत अजून, त्यात रवा असतो. पाहिजे तर बघायला या.